धानावरच्या किडींची कॅसेट

दादा भांडता भांडता गेला. सलीमचा फोन आला तेव्हा मी गोंदियाला माझ्या घरी वरणाला फोडणी घालत होते. बालाघाटला दादाच्या रिपेअरिंगच्या दुकानाला लागूनच सलीमचं पंक्चरचं दुकान आहे. "दीदी, भैया गिर गए," एवढंच तो आधी म्हणाला, मग हळूहळू बाकीचं सांगितलं. एका ट्रकवाल्याने दुकानाच्या तोंडाशी सिमेंटचा ट्रक उभा केला होता. दादाने त्याला केबिनमधून खाली ओढलं, गचांडी धरली, आईबहिणीवरून शिव्या दिल्या, एक थोबाडीत ठेवून दिली आणि दुसरी द्यायला उचललेला हात वरच राहिला. नालीच्या काठावर डोकं आपटलं. डॉक्टर म्हणाले, पडायच्या आधीच मेंदूतली नस फुटली असावी. मी पोचले तेव्हा तो ड्रायव्हर दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होता. "मैंने छुआ तक नहीं, मैडम," तो म्हणाला. मला माहीत आहे, मी म्हटलं, आणि खरंच माहीत होतं. त्या दिवशी मला रडू आलं नाही, संताप आला. साठी उलटलेला माणूस, खिशात रक्तदाबाच्या गोळ्या, आणि हात ट्रकवाल्याच्या गळ्याला. आता दीड महिना झाला. संताप तसाच आहे, फक्त त्याचं तोंड दुसरीकडे वळलंय, आणि तेच सांगायला बसले आहे.

आमच्या घरात हात आधी चालायचे, तोंड मागून. बाबूजी, म्हणजे आमचे वडील, कृषी खात्यात बाबू होते. ऑफिसात साहेबांपुढे अगदी मऊ, आणि घराच्या उंबऱ्यात पाय पडला की चप्पल काढता काढता कोणाला तरी बसायची. दादा मोठा, म्हणून त्याच्या वाट्याला जास्त. मीही काही गरीब गाय नव्हे. एकदा दोघांची जुंपली असताना मी मधे पाण्याचा भरलेला तांब्या फेकला होता, तो बाबूजींच्या गुडघ्याला लागला आणि ते आठवडाभर लंगडत ऑफिसला गेले. या सगळ्यांत एकटी माय तेवढी गोड आवाजाची होती. भुलाबाईची गाणी म्हणण्यात आमच्या गल्लीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आमच्यासारखी विदर्भातून मध्य प्रदेशात, बालाघाटला येऊन नोकरीला चिकटलेली घरं कोजागिरीपर्यंत मातीची भुलाबाई मांडतात, संध्याकाळी बायका-पोरी अंगणात जमून गाणी म्हणतात, मग झाकलेल्या डब्यात खिरापत काय आहे ते ओळखायचं. दादा सहा-सात वर्षांचा आणि मी पाळण्यात असताना मोठे मामा मुंबईहून एक टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. त्यांनी अशाच एका संध्याकाळी मायची गाणी कॅसेटवर भरून घेतली. पुढे मी प्राथमिक शाळेत असतानाच माय काविळीने गेली. तिचा धड एक फोटो नव्हता, होता त्यात अर्धा चेहरा पदराखाली. राहिली ती एक कॅसेट.

दर कोजागिरीला संध्याकाळी बाबूजी स्वतः ती कॅसेट काढायचे आणि टेपरेकॉर्डर भुलाबाईजवळ ठेवायचे. माय गायची आणि गल्लीतल्या बायका तिच्या मागून म्हणायच्या. बाबूजी आमच्याकडे पाठ करून ओट्यावर बसलेले असायचे. दोन-तीन गाणी झाली की ते उठून बटण दाबायचे. टेप झिजते म्हणायचे. पुढचं आम्ही कधी ऐकलंच नाही. एका कोजागिरीनंतर शेजारच्या काकूंनी कॅसेट मागून नेली आणि परत दिली ती आतून चुरगळलेली. बाबूजींनी काकूंना दारातच असं काही सुनावलं की त्या वर्षभर आमच्याकडे फिरकल्या नाहीत. मग ती पुन्हा कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली. ऑफिसात शेतकऱ्यांना ऐकवायच्या माहितीच्या कॅसेटी येत. त्यातल्या एकीचं लेबल त्यांनी वाफेवर सोडवलं, मायच्या कॅसेटवर चिकटवलं आणि डबीही तीच वापरली. 'धान के प्रमुख कीट एवं नियंत्रण'. धानावरच्या किडींवरचं भाषण कोण मागून नेणार? युक्ती इतकी चोख होती की ती त्यांनी घरातही कोणाला सांगितली नाही.

त्याच वर्षात, दादा कॉलेजात असताना, आमच्या घरी कॉम्प्युटर आला. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवरचा एक इंजिनिअर बदली होऊन चालला होता, त्याच्या घरचा रेडिओ दादाने दुरुस्त करून दिला होता, त्या ओळखीत त्याचा कॉम्प्युटर दादाला मिळाला. आता कोणाला दाखवला तर हसतील. वहीपेक्षा थोडा मोठा काळा डबा, वर खोडरबरासारख्या मऊ कळा, आणि पडदा म्हणून आमचा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही. त्याला स्वतःचं काही आठवायचं नाही. लाईट गेली की सगळं साफ. म्हणून दिवसभर बसून लिहिलेला प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवर भरून ठेवायचा, आणि पुन्हा हवा असला की टेप लावून यंत्राला ऐकवायचा. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी एक लांब शिट्टी आणि मग पत्रा कापल्यासारखा कर्कश कल्लोळ, चार-पाच मिनिटं. टीव्हीच्या कडेने पट्टे धावायचे, दादा पेचकसाने टेपच्या हेडजवळचा बारका स्क्रू अंदाजाने फिरवत असायचा, आणि कोणी दार जरी आपटलं तरी त्याच्या अंगावर धावून जायचा. पण प्रोग्राम चालू झाला की तोच दादा मला हाक मारायचा. "मंदे, ये वं, पाह्य नं काय करून राह्यला हा." तो वाघ-बकरीचा खेळ लिहीत होता. आपण बकऱ्या, यंत्र वाघ. आम्ही लहानपणी फरशीवर कोळशाने रेघा मारून खेळायचो तोच खेळ टीव्हीवर, आणि वाघ कोणी न हलवता आपणहून हलतोय. त्या वाघाने पहिल्यांदा बकरी खाल्ली तेव्हा दादाने मला उचलून गोल फिरवलं होतं. त्याला इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

त्या वर्षी कोजागिरीच्या आधी विजेचं काही खरं नव्हतं. दुपारी बल्ब लालसर व्हायचा, पुन्हा पेटायचा. वाघ आता कोंडीत सापडत नव्हता, दादाने महिनाभर घासून त्याला तेवढा हुशार केला होता, आणि दादाच्या सगळ्या कॅसेटी भरलेल्या. बल्ब पुन्हा लाल झाला तसा तो उठला आणि बाबूजींच्या कपाटातून हाताला लागली ती सगळ्यात निकामी कॅसेट त्याने ओढली. किडी. पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची टिकली मोडलेली होती, पण आधीच भरून आलेल्या सगळ्याच कॅसेटींची ती मोडलेली असते. त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला की झालं, हे त्याला झोपेतही येत होतं. वाघ टेपवर गेला आणि दहा मिनिटांत लाईट गेली. दादा मला म्हणाला, "वाचला बाप्पा वाघ." मी पण हसले.

कोजागिरीला अंगणात भुलाबाई बसली, बायका जमल्या, खिरापतीचा डबा फडक्याने झाकला. बाबूजींनी कपाटातून किडींची कॅसेट आणली आणि टेपरेकॉर्डरमध्ये घातली. मला त्या क्षणी काही कळलं नाही, पण दारात उभ्या असलेल्या दादाचा चेहरा एकदम पांढरा पडला. बटण दाबलं. मायच्या आवाजाच्या जागी ती लांब शिट्टी आली, आणि मग तो कल्लोळ. बायकांनी कानांवर हात ठेवले. बाबूजींना आधी वाटलं टेप अडकली, त्यांनी ती काढून फुंकली, परत लावली. पुन्हा तेच. मग त्यांची नजर कॅसेटच्या पाठीमागच्या कागदाच्या बोळ्यावर गेली. ते ओरडले नाहीत. त्यांनी कॅसेट काढून भिंतीवर अशी हाणली की तिचे दोन तुकडे झाले आणि टेप भुलाबाईवर सांडली. मोरीजवळची कपडे धुवायची मोगरी उचलून ते आत गेले. दादा मागे पळाला. मी दारात पोचले तेव्हा पहिला घाव टीव्हीच्या काचेवर पडला होता. दुसरा कॉम्प्युटरवर पडणार होता, आणि दादाने त्याच्यावर उजवा हात पसरला... बाबूजींना हात दिसला नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते स्वतः मात्र कधी तसं म्हणाले नाहीत. हाडाचा आवाज झाला. बाबूजी थांबले नाहीत. तिसऱ्या घावाला हात आणि यंत्र दोन्ही होते, चौथ्याला कळा उडून माझ्या पायाशी आल्या. मग दादाने डाव्या हाताने मोगरी हिसकली आणि बाबूजींच्या कपाळावर मारली. एकदाच, पण पूर्ण जोर लावून. बाबूजी भिंतीला टेकून खाली बसले, डोळ्यात रक्त उतरलेलं, आणि तशा स्थितीत त्यांनी विचारलं, "तुह्या मायचा आवाज गेला का रे सारा?"

"गेला," दादा म्हणाला. "सारा गेला. तुमीच लपवली होती नं? आता बसा बोंबलत."

अंगणात बायकांच्या पळापळीत खिरापतीचा डबा पालथा झाला होता. मला आठवतं, मी दाण्याच्या लाडवांच्या चुऱ्यातून अनवाणी चालत शेजारच्या काकूंना बोलवायला गेले, आणि त्या आल्या. त्यांनीच बाबूजींचं कपाळ बांधलं, त्यांनीच दादाला दवाखान्यात नेलं. दादाची दोन बोटं पुढे वाकडीच जुळली. त्या गडबडीत तुटलेली कॅसेट आणि सांडलेली टेप कोणी उचलली, याचा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. झाडून टाकली असेल असंच मी धरून चालले.

लोक विचारतात, मग दादा घर सोडून गेला नाही का? नाही गेला. हीच तर गंमत आहे आमच्या माणसांची. पुढची खोली बाबूजींची, मागची दादाची, मधे एक दार, आणि ते दार वर्षानुवर्षं लाथांनी वाजत राहिलं. माझं लग्न होऊन मी गोंदियाला गेले. महिन्या-दोन महिन्यांनी यायची तेव्हा दोघांच्या तक्रारी दोन खोल्यांत वेगवेगळ्या ऐकायची. बाबूजी म्हणत, "त्यानं मायी बायको दुसऱ्यांदा मारली." दादा म्हणे, "मायी बोटं पाह्य आधी." एकदा मी दोघांना एका पंगतीला बसवायचा शहाणपणा केला. वरणाची वाटी उडाली, ती छताच्या पंख्याला लागून माझ्याच अंगावर पडली.

दादाने लग्न केलं नाही. दुकान चांगलं चालायचं, आणि मागची खोली जुन्या कॉम्प्युटरांनी भरत गेली. लोक ज्यांना भंगार म्हणतात ती यंत्रं त्याला कुठून सापडायची देव जाणे. लालबर्ऱ्याला एका राईसमिलमध्ये माडीवरून जुना कॉम्प्युटर खाली ट्रॉलीत फेकत होते. दादा तिथे दुसऱ्याच कामाला गेला होता. त्याने वर चढून फेकणाऱ्या माणसाच्या कानशिलात मारली, मग चौघांनी मिळून दादाला तुडवला. संध्याकाळी तो फुटलेल्या ओठाने आणि काखेत कॉम्प्युटर घेऊन घरी आला. मी नेमकी त्या दिवशी तिथे होते. ओठावर हळद लावताना मी त्याला म्हटलं, एवढं काय आहे रे त्या डब्यात? तर म्हणाला, "फेकत होते नं वं. जित्ता होता थो." आणि खरंच, आठ दिवसांनी त्याने तो चालू केला. त्या वाकड्या बोटांनी तो इतकं बारीक काम करायचा की पाहत राहावं. रबरी कळांचा तसलाच एक काळा डबाही त्याने पुढे कुठून तरी मिळवला. मी गेले की तो टेप लावायचा, पट्टे धावायचे, आणि आम्ही वाघ-बकरी खेळायचो. वाघ परत आला कसा, हे मी विचारलं होतं. पुन्हा लिहिला, म्हणाला. एक खोड मात्र माझ्या लक्षात राहिली. तो कर्कश आवाज सुरू असेपर्यंत दादा निवांत असायचा, पण संपत आला की टेपरेकॉर्डरवर झुकायचा, आणि शेवटचा चरचराट थांबला रे थांबला की बटण दाबायचा. खट्. अर्ध्या सेकंदाचाही उशीर नाही. टेप झिजू नये म्हणून असेल, असं मला वाटायचं. बाबूजींची सवय घेतली म्हणून मी त्याला चिडवलंही होतं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

बाबूजींना अर्धांगवायू झाला तेव्हा मी येऊन राहिले. दादा त्यांना उचलायचा, अंग पुसायचा, आणि हे सगळं शिव्या देत. बाबूजीही शिव्या देतच करून घ्यायचे. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. शब्द जड झाले होते. "मंदे, तुह्या मायचा आवाज कसा होता वं? मले याद नाई येऊन राह्यला." मी मायसारखी हाक मारून दाखवायचा प्रयत्न केला. ते मान हलवत राहिले, नाही, असा नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चांगला हात चादरीवर सारखा आपटत होता. मधलं दार उघडं होतं. थोड्या वेळाने दादा त्या दारात येऊन उभा राहिला. छातीशी टेपरेकॉर्डर धरलेला, वायर जमिनीवर लोळतेय. मला वाटलं बाबूजींना करमावं म्हणून गाणी लावतोय. बाबूजींनी मान वळवून पाहिलं.

"आता अखीन काय मिटवाले आला?"

दादा वळला, दार लागलं, आणि आत काहीतरी मोठं फुटल्याचा आवाज झाला. नंतर पाहिलं तर लालबर्ऱ्याहून मार खाऊन आणलेला तो कॉम्प्युटर त्याने फरशीवर आपटला होता. त्याच आठवड्यात बाबूजी गेले. चितेला अग्नी देताना दादाचे दात इतके आवळलेले होते की जबड्याचा आवाज येत होता.

दादाची तेरवी झाल्यावर मी एकटीच मागे राहिले. मागची खोली उपसायची होती. टेबलावर तो काळा डबा, टीव्ही आणि टेपरेकॉर्डर जसेच्या तसे मांडलेले. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट होती. काढून पाहिली तर कवच नवं, चार स्क्रू लावून जोडलेलं, आणि त्यावर एक पिवळं पडलेलं, कडा फाटलेलं लेबल पुन्हा चिकटवलेलं. 'धान के प्रमुख कीट एवं नियंत्रण'. म्हणजे वाघ पुन्हा लिहिलेला नव्हता. हा तोच होता. मी कॅसेट मागे फिरवली आणि बटण दाबलं. शिट्टी, मग कल्लोळ, अगदी स्वच्छ, कालच भरल्यासारखा. तो संपत आला तसं माझं बोट आपोआप पुढे गेलं... दादाचं पाहून पाहून. मी ते मागे घेतलं. चरचराट थांबला, थोडी खरखर झाली, आणि माय गाऊ लागली.

एका ओळीच्या मधूनच सुरू झाली. आवाज घासलेला होता, कांबळ्याखालून आल्यासारखा. आधीचा कल्लोळ इतका स्वच्छ आणि इथून पुढे टेप झिजलेली. पुन्हा पुन्हा ऐकल्याशिवाय टेप अशी एकाच जागी झिजत नाही, एवढं दादाच्या संगतीत मलाही कळायला लागलं होतं. वाघाने पहिली दोन-तीन गाणी तेवढी खाल्ली होती. बाकीची माय इथेच होती, या खोलीत, एका दाराच्या पलीकडे बाबूजी तिच्यासाठी चादरीवर हात आपटत असताना. मी त्या रिकाम्या खोलीत दादाला मोठमोठ्याने शिव्या दिल्या. मेल्या, त्या म्हाताऱ्याला एकदा ऐकवायचं होतंस. त्याने काहीही म्हटलं असतं तरी ऐकवायचं होतंस, उशाशी ठेवून बटण दाबायचं आणि चालतं व्हायचं होतंस. बाबूजींनाही दिल्या. मरतानासुद्धा एक वाक्य गिळता आलं नाही का तुम्हाला? मी टेबलावर मूठ मारली, टीव्ही हलला, आणि माय गातच राहिली.

गाणी संपली. बायकांचं हसणं, भांड्यांचा आवाज, मामा काहीतरी सांगतायत. मग माय एकदम जवळून, अगदी कानात बोलल्यासारखी. "आगा आगा, त्या बटनाले हात नोको लावू. मोडून टाकशीन मामाची मशीन." सट्कन एक चापट बसली आणि लहान पोराचं मुसमुसणं ऐकू आलं. आणि मग एक पुरुष, तरुण, हसऱ्या आवाजाचा. तो कोण ते मला चटकन कळलंच नाही, कारण बाबूजींच्या गळ्यातून तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"हातावर काहून मारतं वं त्याले? मशीन मोडली तं दुसरी येईन."

पोराचं रडणं थांबलं. आणि खट्. दादाने बटण दाबलं होतं.

त्यापुढे टेप कोरी आहे. ती शेवटपर्यंत फिरली, मी बंद केली नाही.